समज दिल्याशिवाय गोळी नाही

आमचे हवालदार वानराला दगड मारायचा झाला तरी आधी सांगून मारत.

एकदा हवालदारीणबाईंनी अंगणात पापड वाळत घातले होते आणि कौलांवर वानरांची टोळी उतरली. हवालदार चौकीच्या ओसरीवर बसलेले. ते उठले, कमरेचा पट्टा नीट केला, टोपी डोक्यावर ठेवली आणि खड्या आवाजात वानरांना म्हणाले, "तुमी इथी बेकायदा जमाव करून राह्यले. पांगा. नाई पांगले तर दगड मारीन. आयकू आलं का?" मग तेच हिंदीत. मग तेच मोडक्यातोडक्या गोंडीत, कारण टोळी जंगलाकडून आली होती. मग वानरांना जायला थोडा वेळ दिला. तेवढ्या वेळात वानरांनी पापड आटोपले. शेवटी दगड भिरकावला तोही त्यांच्या पायाशी.

"वर नाई मारायचा, बाई," मी तोंडात पदर कोंबून हसतेय हे न बघता ते मला समजावू लागले. "वर गेलेला दगड कोनाच्या टकुऱ्यात उतरन, कोनी सांगावं?"

हवालदारीणबाई रिकामी चटई झटकत म्हणाल्या, "झालं! वानरं कायदा शिकले अन् पापड बी खाल्ले."

गाव कुरखेड्याच्या वाटेवरचं. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळं चांदाच, आताचं चंद्रपूर. मालगुजारी, तिकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. म्हणजे कागदावरून गेली होती, मालगुजारांच्या मिशांना अजून कोणी कळवलं नव्हतं. चौकीवर एक हवालदार आणि तीन शिपाई. त्या तिघांतले सगळ्यात बारीक ते आमचे हे. खाकी अर्ध्या चड्डीतून यांचे पाय असे दिसत की पायाला बांधायच्या पट्ट्या पायापेक्षा जाड वाटाव्यात.

आणि मी? मी नागपूरची, चौथी पास, नवी नवरी. नाकावर माशी बसली तर तिलाही सांगणार की माझा नवरा पोलिसात आहे, बेतानं बस. माझ्या डोक्यात असं होतं की पोलीस रोज सकाळी उठतात, चहा घेतात आणि एक-दोन डाकू पाडून जेवायला घरी येतात. इथे येऊन बघते तर हे दिवसभर कुणाची बकरी कुणाच्या धानात शिरली ते सोडवत बसलेले. बंदुका होत्या, पण खोलीत कुलूपबंद. पुसायला म्हणून बाहेर यायच्या आणि पुसून आत जायच्या. माहेरी जाऊन सांगायचं काय? नवऱ्याने बकरी पकडली?

एक दिवस मी धीर करून हवालदारांनाच विचारलं, "भाऊ, यांना बंदूक चालवायला कधी मिळणार?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी वरणात साखर किती घालू असं विचारलं. "बाई, ज्या दिवशी आपल्याले दुसरं काईच सुचनार नाई, त्या दिवशी."

मग मला ओसरीवर बसवून त्यांनी अख्खा कायदा ऐकवला. हात पुढे करून एकेक बोट मुडपत. "आधी समज द्याची. समज अशी का मागच्या मानसाले बी आयकू गेली पायजे. आयकलेलं त्याले समजलं पायजे. समजलेलं कराले त्याले वेळ भेटला पायजे. एवढं करूनही आयकलं नाई, अन् जिवावरच बेतून राह्यलं, तर गोळी. ते बी कमरेखाली. हवेत त नाईच नाई. अन् पांगापांग झाली का लगेच बंद, मंग कितीबी राग आलेला असो."

"एवढं होईपर्यंत डाकू पळून नाही का जाणार?" मी म्हटलं.

"जाईना का," हवालदार आनंदाने म्हणाले. "पांगला म्हणजे काम झालं!"

माझी अशी निराशा आयुष्यात पुन्हा एकदाच झाली, ताडोब्याला वाघ बघायला गेले आणि हरणं बघून आले तेव्हा.

त्यांचा आवाज मात्र बंदुकीपेक्षा भारी होता. माणूस बुटका, पोट पुढे, कानांवर केस; पण एकदा 'अबे' म्हणाले की तलावावरचे बगळे उठायचे. प्रत्येक वाक्यानंतर कानाशी हात न्यायचे आणि "आयकू आलं का? समजलं का?" असं दोनदा विचारायचे, मग ते भाजीत मीठ कमी आहे एवढंच का असेना. या सवयीबद्दल गावात कितीतरी कहाण्या. कोणी म्हणे तरुणपणी यांच्या हातून एक माणूस मेला, तेव्हापासून असे झाले. कोणी म्हणे स्वप्नात देवीने येऊन सांगितलं. मीही त्यात थोडी भर घातली होती, पण ती काय घातली ते आता सांगत नाही. शेवटी हवालदारीणबाईंना विचारलं तर त्या हसून लोळल्या. "कायची देवी वो! याची माय ठार बहिरी होती. लहानपनी पोट्ट्याले भूक लागली तरी अंगनात उभं राहून बोंबलावं लागे, अन् मायले समजलं का नाई ते पुन्हा इचारावं लागे. तेच पोलिसात चाललं."

बाई स्वतः कायद्यात नवऱ्याच्या वरचढ होत्या. एकदा भिंतीपलीकडून धाडकन् आवाज आला आणि हवालदार कपाळ चोळत अंगणात आले. मागून बाई लाटणं घेऊन. "समज दिली होती तुमाले! तिनदा म्हटलं, बाजारातून हळद आना, हळद आना. आयकू नाई आलं का?"

हवालदारांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आयकू आलं होतं," ते म्हणाले. "पन नेम वर गेला तुझा."

माझ्यावरही एकदा हा कायदा लागला. यांनी बंदूक पुसायला ओसरीवर काढली होती आणि पाणी प्यायला आत गेले होते. मला वाटलं, नवऱ्याची बंदूक कशी चमकली पाहिजे! घरात मोहाच्या बियांचं तेल होतं, तिकडे त्याला टोरीचं तेल म्हणतात. दिव्याला चालतं, केसांना चालतं, पुऱ्या तळायला चालतं, मग बंदुकीला काय धाड भरली? चांगलं सढळ हाताने आतबाहेर चोळलं. दिवस थंडीचे. टोरीचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. नागपूरच्या चौथी पासला नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहावं तर बंदुकीचा खटका हलेना. चौघांनी मिळून ती बंदूक शेकोटीशी शेकली, तेव्हा कुठे तिच्यातून तेल ठिबकायला लागलं. यांचा चेहरा पांढरा पडलेला. हवालदार मात्र माझ्यासमोर येऊन शांतपणे उभे राहिले. "बाई, सरकारी बंदुकीले पुरीचं तेल लावू नये. ही पयली समज हाय. आयकू आलं?"

"आलं."

"समजलं?"

"समजलं."

"मंग झालं," म्हणाले, आणि उरलेलं तेल पुऱ्यांसाठी मागून नेलं.

आता ज्या दिवसासाठी मी एवढी आसुसले होते, त्या दिवसाचं सांगते.

गावाचा तलाव मोठा. ढिवरांची घरं पिढ्यान् पिढ्या त्यात मासे धरायची आणि मालगुजारांना त्यांचा वाटा द्यायची. मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारजमा झाला. पण मालकांनी (गाव त्यांना अजून मालकच म्हणे) भाच्याच्या नावावर त्याचा ठेका घेतला आणि ढिवरांना सांगितलं, आता पाण्याला हात लावायचा नाही. ढिवर म्हणाले, मग खायचं काय? कज्जा चांद्याला कलेक्टरसाहेबांपुढे गेला आणि तिथेच पडून राहिला. पौषातल्या एका सकाळी ढिवरमोहल्ला बायकापोरांसकट जाळी घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर, जमला.

मालक बैलांची दमणी जुंपून चौकीवर आले. मागे काठीवाली माणसं, आणि मांडीवर स्वतःची शिकारीची बंदूक. "हवालदार, आज गोळी चालली पाहिजे," ते म्हणाले. "नाही चालली तर चांद्याला सांगून तुमचा पट्टा उतरवतो."

हवालदारांनी टोपी घातली, शिपायांना बंदुका काढायला सांगितल्या. "मालक, तुमी दमणीतून सावकाश या. मी होतो पुढं." असं म्हणून सायकलवर टांग मारून निघाले. आमचे हे आणि दुसरा शिपाई बंदुका घेऊन सायकलीमागे धावत. तिसरा चौकी राखायला राहिला.

आणि मी काय केलं? मी घरात पळाले आणि पेटीतलं हिरवं पातळ काढलं. गोळीबार बघायला जायचं तर बरं नेसून नको का! निऱ्या नीट पडेनात, दोनदा सोडून नेसले. हवालदारीणबाई दारात ओरडताहेत, "अवो, लग्नाले चालली का?" शेवटी धुणं न्यायच्या मिषाने आम्ही दोघी पाळीवर पोचलो तेव्हा मालकांची दमणी नुकतीच थांबत होती.

समोर पाहते तर सगळे ढिवर पाण्यात. कमरेइतक्या पाण्यात, जाळी धरून, अख्खा मोहल्ला रांगेने उभा. थंडीने दात वाजताहेत. मधोमध सगुणा. ही सगुणा मला रोज मासळी आणून द्यायची आणि मला ती नीट साफ करता येत नाही म्हणून रोज हसायची. शेजारी तिची म्हातारी सासू. माझी हौस तिथेच अर्धी ओसरली. डाकू असा कोणी दिसत नव्हता. ज्याच्यावर गोळी चालायची ते सगळं माझ्या ओळखीचं होतं.

हवालदारांनी कानाशी हात नेला. "हा जमाव बेकायदा हाय. पांगा. नाई त गोळी चालन. आयकू आलं का?"

"आलं!" पाण्यातून उत्तर.

"समजलं का?"

"समजलं, भाऊ," सगुणा ओरडली. "पन जानार नाई! आमचे बापजादे याच पान्यात जगले. लेकरायले का धोंडे चारू?"

"ऐकलंत?" मालक गरजले. "आता कशाची वाट बघता? चालवा!"

हवालदार आमच्या ह्यांच्याकडे वळले. "भर बंदूक."

खटका वाजला. हो, वाजला, मी तेव्हापासून तिला हात लावला नव्हता. यांनी बंदूक खांद्याला लावली आणि नळी सरळ सगुणाकडे गेली. तिने एक हात पुढे करून सासूला मागे ढकललं. मी धुण्याचं गाठोडं पोटाशी घट्ट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा देवाजवळ मागितलं, की देवा, माझ्या नवऱ्याच्या हातून काही म्हणता काही होऊ देऊ नको.

"नेम कुठी?" हवालदारांनी विचारलं.

"कमरेखाली, भाऊ," हे कसेबसे म्हणाले.

"कमर कुठी हाय?"

यांनी पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "पान्यात हाय, भाऊ."

हवालदार मालकांकडे वळले. चेहरा अगदी दुःखी. "मालक, अडचन आली. कायदा म्हनते कमरेखाली मारा, अन् यायच्या कमरेखाली तलाव हाय. पान्यावर गोळी मारून का फायदा? मासे मरतीन, अन् ठेका त तुमचाच हाय."

"मग वर मारा!"

"वर मारली त मी फासावर."

"डोक्यावरून मारा, निदान भितील तरी!"

"डोक्यावरून गेलेली पलीकडच्या काठाले जाईन. तिथी तुमचेच मानसं धान झोडून राह्यले ना बाप्पा."

पाण्यात कोणीतरी खुदकन हसलं. ते हसणं मालकांच्या वर्मी लागलं. "तुम्हाला जमत नसेल तर मला जमतं," असं म्हणून त्यांनी स्वतःची बंदूक उचलली.

तेव्हा मी हवालदारांचा दुसरा आवाज ऐकला. तो मोठा नव्हता. पण त्यात गंमत उरली नव्हती.

"मालक, पाळीवरचा जमाव बी बेकायदा हाय. हाती काठ्या हायेत, बंदूक हाय. खाली ठेवा, पांगा. नाई त गोळी चालन." आणि आमच्या ह्यांना, "फिर इकडं. इथी मातर कमरा दिसून राह्यल्या."

यांनी बंदूक फिरवली. काठीवाल्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. धोतरं गुडघ्यापर्यंत खोचलेली, उघड्या पोटऱ्या उन्हात चमकताहेत. एकाने हळूच एक पाय पाण्यात टाकला. मग दुसरा. बघता बघता ती सगळी माणसं काठ्या सोडून तलावात शिरली आणि ढिवरांच्या शेजारी कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. पाळीवर मालक एकटे. जरीकाठी धोतर आणि लाल जोडे.

"आयकू आलं का, मालक?" हवालदारांनी विचारलं.

मालकांच्या हातात बंदूक तशीच. हवालदार उत्तराची वाट बघत उभे. तलावावर नुसते दात वाजण्याचे आवाज. मला वाटलं, मालकांनी आता चाप ओढला तर पुढचं सगळं मी मरेपर्यंत डोळ्यांपुढे बघणार.

मग पाण्यातून सगुणाची सासू बोलली, कुडकुडत, पण अगदी मायेने. "हो म्हना ना मालक. पाय लय गोरे हायेत तुमचे. काऊन उघड्यावर ठेवता?"

आधी काठीवाले हसले. त्यांचीच माणसं हसल्यावर मालकांजवळ बंदूक धरून उभं राहायला काही कारण उरलं नाही. त्यांनी ती दमणीत ठेवली, पूजेला उशीर झाला असं काहीतरी पुटपुटले आणि बैलांना एवढ्या जोरात हाकललं की बैलांनीही मागे वळून पाहिलं.

"मासे कोनाचे ते साहेब सांगन," हवालदार पाण्याकडे बघून म्हणाले. "आता तरी निंगा बाहेर." पण आत गेलेच आहोत म्हणून काठीवाल्यांनीही जाळ्याला हात लावला होता.

मी नंतर हे गावभर सांगत सुटले, की देवानेच त्या दिवशी ढिवरांना पाण्यात नेऊन उभं केलं. हवालदारीणबाई ऐकून घेत आणि गालातल्या गालात हसत.

थोड्या दिवसांनी चांद्याहून पोलिसांच्या मोठ्या साहेबांची जीप आली. मालकांनी तक्रार केली होती. चौकीवर कोणी नव्हतं, ओसरीवर मीच तांदूळ निवडत बसलेली. "हवालदार कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं. आणि मी शहाणी, म्हटलं, "ढिवरमोहल्ल्यात आहेत, काढा पाजताहेत." म्हटल्यावर जीभ चावली, पण साहेब निघाले होते. मी मागोमाग.

मोहल्ल्यात घराघरातून खोकला ऐकू येत होता. हवालदार हातात गंज, म्हणजे मोठं पातेलं, घेऊन दारोदार अडुळसा आणि सुंठीचा काढा वाटत होते. साहेबांना पाहून त्यांनी गंज डाव्या हातात घेतला आणि उजव्याने सलाम ठोकला.

"हवालदार," साहेब म्हणाले, "मालगुजारांच्या तलावावरच्या राखणदाराने सांगितलंय की हे लोक पाळीवर बसले होते. तुम्ही सायकलवरून पोचल्यावर पाण्यात गेले. खरं काय?"

माझ्या मनात आलं, आता गेला पट्टा. सगुणाने दारातून तोंड उघडलं, पण हवालदारांनी तिला हातानेच थांबवलं.

"खरं हाय, साहेब. मीच घातले पान्यात. हे आत जाले तयार नव्हते, थंडी होती. मीच ओरडून घातले."

"कोणत्या नियमाने?"

"नियम नाई, साहेब. पानी होतं."

साहेब गंजाकडे बोट करून म्हणाले, "आणि हे काय?"

"गोळीबार झाल्यावर जखमीयची देखभाल पोलिसायनं करावी, असं हाय, साहेब."

"पण गोळीबार झालाच कुठे?"

"नाई झाला," हवालदार म्हणाले. "म्हनून त काढ्यावर भागलं."

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. इतक्यात सगुणाची सासू वाकळ गुंडाळून खोकत बाहेर आली आणि तिने आपली अर्धी उष्टी वाटी साहेबांपुढे धरली. "घ्या साहेब, तुमी बी घ्या." साहेबांना नाही म्हणवेना. त्यांनी एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं झालं की जीपवाला दोन पावलं पुढे आला.

"यापरिस गोळी बरी होती," म्हातारी म्हणाली. "नाई का साहेब?"

साहेबांना ठसका लागला. ठसक्यातून हसू फुटलं. आणि ते हसल्यावर हवालदारांनी घाईघाईने वाटी पुन्हा भरली.